टास्कबार हँग झालाय? कॉम्प्युटर ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे करून बघा

स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. रात्रीचे साडेअकरा. ब्राउझरमध्ये फॉर्म अर्धा भरलेला, वर्डमध्ये अर्ज उघडा. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनच्या तळाशी असलेली पट्टी गोठते. स्टार्ट बटण दाबलं तरी काही होत नाही. वाय-फायचं चिन्ह क्लिक होत नाही. घड्याळ ११ वाजून २८ मिनिटांवरच अडकलेलं.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. पॉवरचं बटण दाबून धरतात आणि सेव्ह न केलेलं सगळं घालवून बसतात. किंवा दुसऱ्या दिवशी सीपीयू उचलून दुकानात नेतात. नागपुरात सीताबर्डी असो की धंतोली, तिथे एक वाक्य हमखास ऐकायला मिळू शकतं : “फॉरमॅट मारा लागते, भाऊ.”

खरं तर टास्कबार अडकणं हा बहुतेक वेळा अख्ख्या कॉम्प्युटरचा बिघाड नसतो. तो एका प्रोग्रामचा बिघाड असतो. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करता येतो आणि तेवढ्यासाठी उघडी फाइलही बंद करावी लागत नाही. कसं ते समजून घेऊ.

टास्कबार म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनच्या तळाशी स्टार्ट बटण, उघड्या प्रोग्रामची चिन्हं, भाषा, आवाज, नेटवर्क आणि घड्याळ दाखवणारी जी पट्टी असते, तिला टास्कबार म्हणतात. मायक्रोसॉफ्टने ती पहिल्यांदा आणली ‘विंडोज ९५’मध्ये, २४ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हापासून विंडोजच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत ती आहे.

ही पट्टी चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘विंडोज एक्सप्लोरर’. डेस्कटॉपवरची चिन्हं, फोल्डर उघडणाऱ्या खिडक्या आणि टास्कबार ही तिन्ही कामं तोच करतो. त्यामुळे तो अडकला की तिन्ही गोष्टी एकत्र थंडावतात आणि कॉम्प्युटरच मेला असं वाटतं. प्रत्यक्षात वर्ड, क्रोम, टॅली हे वेगळे प्रोग्राम असतात. ते मागे व्यवस्थित चालू असू शकतात.

घरात एका खोलीचा फ्यूज उडाला म्हणून कोणी अख्ख्या घराचं वायरिंग बदलत नाही. इथेही आधी कुठली ‘खोली’ बंद आहे ते बघायचं.

आधी ओळखा : पट्टी अडकली की कॉम्प्युटर?

तीन गोष्टी तपासा. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

१. माउसचा बाण हलतो का?
२. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? (दिवा नसलेल्या लॅपटॉपवर ही चाचणी सोडून द्या.)
३. जी खिडकी समोर उघडी आहे, तिच्यात टाइप होतं का?

तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर अडकली आहे ती फक्त पट्टी. हा लेख त्यासाठीच आहे. बाण हलत नाही, दिवा बदलत नाही, काहीच टाइप होत नाही, असं असेल तर अख्खी यंत्रणा थांबली आहे. तेव्हा दोन-चार मिनिटं वाट पाहून पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय फारसा इलाज उरत नाही.

आणखी एक शक्यता असते. पट्टी अडकलेली नसून लपलेली असते. ब्राउझर पूर्ण स्क्रीनवर गेला असेल तर एफ ११ दाबा. बाण स्क्रीनच्या अगदी तळाशी नेल्यावर पट्टी वर येत असेल, तर सेटिंगमध्ये ‘ऑटो हाइड’ चालू आहे. तो बिघाड नाही.

पहिलं काम : फाइल सेव्ह करा

दुरुस्ती नंतर. समोरच्या खिडकीत कंट्रोल आणि एस एकत्र दाबा. दुसऱ्या उघड्या खिडकीत जायचं असेल तर ऑल्ट धरून टॅब दाबा. बहुतेक वेळा टास्कबारशिवायही हे चालतं. तिथेही कंट्रोल-एस.

ऑनलाइन फॉर्म अर्धवट असेल तर त्या पानावरचं ‘सेव्ह’ किंवा ‘ड्राफ्ट’चं बटण दाबून घ्या. अर्जाचा क्रमांक दिसत असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

मराठीत टाइप करणाऱ्यांची इथे एक वेगळी अडचण होते. भाषा बदलायचं चिन्ह टास्कबारवरच असतं, आणि ते क्लिक होत नाही. अशा वेळी विंडोजची की धरून स्पेसबार दाबून बघा. कॉम्प्युटरवर मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड बसवलेले असतील तर हा शॉर्टकट भाषा बदलतो.

मुख्य उपाय : एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा

निम्म्याहून मोठं काम इथेच होऊन जातं, म्हणून ही पायरी नीट वाचा.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कीज एकत्र दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडेल. उघडली नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा आणि येणाऱ्या यादीतून टास्क मॅनेजर निवडा. ही दुसरी जोडी एक्सप्लोररवर अवलंबून नसते. म्हणून तो पूर्ण अडकला असला तरी ती चालते.

२. विंडोज १० मध्ये खिडकी छोटी आणि रिकामी दिसली तर खालच्या ‘मोअर डीटेल्स’वर क्लिक करा.

३. ‘प्रोसेसेस’च्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा. फोल्डरचं पिवळं चिन्ह असतं.

४. त्यावर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडा.

काही सेकंद डेस्कटॉपवरची चिन्हं आणि पट्टी गायब होतील. घाबरू नका, ती परत येतात. वर्ड, एक्सेल, ब्राउझर यांतलं काही बंद होत नाही. बंद होतात त्या फक्त फोल्डरच्या खिडक्या.

एक सावधगिरी मात्र हवी. पेनड्राइव्हवरून फाइली कॉपी होत असतील तर तेही काम एक्सप्लोररच करत असतो. तो बंद केला की कॉपी अर्ध्यावर तुटते. ‘कट’ करून हलवत असाल तर आधी ते काम पूर्ण होऊ द्या.

यादीत विंडोज एक्सप्लोरर दिसलाच नाही, तर तो आधीच बंद पडला आहे. विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या वरच्या भागात ‘रन न्यू टास्क’ असतं. विंडोज १० मध्ये ते ‘फाइल’ मेनूत असतं. त्यावर क्लिक करा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एक्सप्लोरर’ टाइप करा, स्पेलिंग ई-एक्स-पी-एल-ओ-आर-ई-आर. पुढे टिंब आणि ई-एक्स-ई. एंटर दाबा.

तरी नाही जमलं? ‘शटडाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा

ही दोन बटणं एकच काम करतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलते. कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, पण कधी कधी जुना गोंधळही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

पट्टी चालत नसताना रीस्टार्ट कसं करायचं? कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा. उजव्या कोपऱ्यात खाली पॉवरचं चिन्ह असतं. तिथे रीस्टार्ट मिळेल.

पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण शोधा

एखाद्या वेळी टास्कबार अडकणं सोडून देता येईल. रोज होत असेल तर मागे काहीतरी आहे. नेहमीचे संशयित हे :

• नवीन बसवलेलं सॉफ्टवेअर. टास्कबारचा रंग, आकार, जागा बदलणारी छोटी सॉफ्टवेअर यात आघाडीवर असतात. विंडोजचं अपडेट आलं की ती जुळेनाशी होतात. काढून बघा.

• सुरुवातीलाच उघडणारी गर्दी. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात कॉम्प्युटर सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. नको असलेले ‘डिसेबल’ करा. अँटिव्हायरस राहू द्या.

• भरलेली सी ड्राइव्ह. जागा अगदी संपत आली की विंडोजला स्वतःच्या कामासाठीही जागा मिळत नाही. डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन आधी रिकामे करा.

• खराब पेनड्राइव्ह किंवा बंद पडलेली नेटवर्क ड्राइव्ह. एक्सप्लोरर तिच्या उत्तराची वाट पाहत बसतो. जोडलेलं सगळं काढून बघा. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर ही तक्रार जास्त दिसते.

• वीज. उन्हाळ्याच्या शेवटी विदर्भात वादळ आलं की वीज जाते-येते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर प्रत्येक वेळी तो चालू असतानाच बंद पडतो. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर विंडोजच्या फाइली खराब होऊ शकतात.

नागपूरच्या उन्हाचं काय? पारा ४५ अंशांवर गेला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पण त्यामुळे अख्खा कॉम्प्युटर हळू होतो, एकटी पट्टी नाही. पट्टीच अडकत असेल तर कूलरसमोर लॅपटॉप ठेवून उपयोग नाही. उलट कूलरच्या दमट हवेपासून तो लांबच ठेवलेला बरा.

चूक मायक्रोसॉफ्टचीही असू शकते

आपणच काहीतरी दाबलं असं प्रत्येक वेळी समजू नका. टास्कबार अडकण्याची काही मोठी प्रकरणं थेट कंपनीकडूनच घडली आहेत.

विंडोज ११ बाजारात आलं ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्याच्या महिनाभर आधी, २ सप्टेंबरला, चाचणीसाठी ते वापरणाऱ्या लोकांचे स्टार्ट मेनू आणि टास्कबार अचानक थंड पडले. कोणी काही नवीन बसवलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून पाठवलेला एक मजकूर त्याला कारणीभूत होता. एका तंत्रलेखकाने शोध घेतला तेव्हा तो मजकूर कंपनीच्याच ‘टीम्स’ अ‍ॅपच्या प्रचाराचा असल्याचं समोर आलं. कंपनीने तो मागे घेतला आणि अडकलेल्यांना दुरुस्तीच्या पायऱ्या दिल्या. त्यांतली पहिली पायरी होती टास्क मॅनेजर उघडणं.

दुसरं प्रकरण विंडोज १० चं. ऑगस्ट २०२२ मधल्या एका अपडेटनंतर काही कॉम्प्युटरवर डेस्कटॉप किंवा टास्कबार क्षणभर गायब होई, किंवा कॉम्प्युटर प्रतिसाद देईनासा होई. मायक्रोसॉफ्टने ते वर्षअखेरीस मान्य केलं आणि अपडेटमधला तेवढाच बदल इंटरनेटवरून मागे घेतला. घरगुती ग्राहकांना त्यासाठी काहीही करावं लागणार नव्हतं. रीस्टार्ट केल्यास दुरुस्ती लवकर लागू होईल, एवढंच कंपनीने सांगितलं होतं.

विचार करा, त्या आठवड्यांत ज्यांनी घाईने फॉरमॅट मारून घेतलं, त्यांचे पैसे आणि डेटा कशासाठी गेला?

म्हणून अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला तर दोन गोष्टी करा. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये नवी दुरुस्ती आली आहे का ते बघा. नसेल तर तिथल्याच ‘अपडेट हिस्टरी’त ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. तिथून शेवटचं अपडेट काढता येतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेही वाढीव योजनेत नाव नोंदवलं असेल तर. अशा बिघाडांची दुरुस्ती मिळेलच, असं आता धरून चालता येणार नाही.

थोडे खोल उपाय

वरचं सगळं करूनही पट्टी अडकत असेल, तर या क्रमाने पुढे जा. आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर घेऊन ठेवा.

१. सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या स्क्रीनवर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’ असं जा आणि मग ४ दाबा. इथे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं. सेफ मोडमध्ये टास्कबार नीट चालला तर दोष बाहेरच्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त.

काही लॅपटॉप या वेळी ‘बिटलॉकर’ची ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सेफ मोडला जाण्याआधीच मोबाइलवरून खात्यात लॉग-इन करून ती पाहून ठेवा.

२. नवीन युजर. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये दुसरा युजर तयार करा आणि त्यातून लॉग-इन करा. तिथे पट्टी चालत असेल तर विंडोज चांगलं आहे, तुमचं प्रोफाइल खराब झालं आहे. फाइली नव्या युजरमध्ये हलवल्या की काम भागतं.

३. फाइल तपासणी. टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’ घ्या. सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा, खालच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेस’च्या चौकटीत टिक करा आणि ओके दाबा. काळ्या खिडकीत इंग्रजीत एस-एफ-सी, मग स्पेस, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू टाइप करून एंटर दाबा. विंडोज आपल्या फाइली तपासतं आणि खराब झालेल्या बदलतं. आकडा मध्येच थांबल्यासारखा वाटेल. खिडकी बंद करू नका.

४. रीसेट. हा शेवटचा उपाय. सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त ‘रीसेट धिस पीसी’ असतं. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमचे फोटो आणि कागदपत्रं राहतात, पण बसवलेली सॉफ्टवेअर जातात. श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा बसवावे लागतात. त्यांचे परवाना क्रमांक आधी लिहून ठेवा.

एक नियम पाळा. इंटरनेटवर सापडलेली लांबलचक आज्ञा अर्थ न समजता त्या काळ्या खिडकीत पेस्ट करू नका. ‘रजिस्ट्री’त बदल सांगणाऱ्या व्हिडिओंनाही हेच लागू.

हेल्पलाइनच्या नावाखाली फसवणूक

टास्कबार अडकल्यावर घाबरून ‘मायक्रोसॉफ्ट कस्टमर केअर नंबर’ शोधणारे अनेक असतात आणि भामटे नेमके तिथेच जाळं लावून बसतात. खोटा नंबर जाहिरातीत दिसतो किंवा स्क्रीनवर व्हायरसचा इशारा येतो. फोनवरचा माणूस एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला सांगतो आणि कॉम्प्युटरचा ताबा त्याच्याकडे जातो. त्यानंतर बँक खातं किती वेळ सुरक्षित राहील, हे सांगायला नको.

हे प्रकार किती पसरले आहेत ते ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसलं. सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातल्या काही प्रकरणांत आरोपी स्वतःला मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनचे मदतनीस म्हणवून परदेशी ग्राहकांना लुबाडत होते. तक्रारी या दोन्ही कंपन्यांनीच दिल्या होत्या.

एवढं लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. कंपनी स्वतःहून फोन करून कॉम्प्युटर दुरुस्त करून देत नाही. कोणी ताबा घेतलाच तर लगेच इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. नागपूर शहर पोलिसांचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर

काही वेळा दोष खरंच मोठा असतो. जुनी हार्ड डिस्क निकामी होत असेल तर टास्कबार अडकणं हे तिचं पहिलं लक्षण असू शकतं. फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, डिस्कमधून टकटक आवाज येतो. अशा वेळी घरी प्रयोग न करता आधी डेटा काढून घ्या.

दुकानात दोन प्रश्न नक्की विचारा : “डिस्क तपासली का?” आणि “फॉरमॅटच्या आधी माझा डेटा कुठे ठेवणार?” लहान मुलांचे फोटो, प्रबंधाची फाइल, दुकानाचा हिशेब सी ड्राइव्हवरच्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये असतो आणि फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी तोच जातो. दोन्ही प्रश्नांचं सरळ उत्तर मिळालं तरच होकार द्या.

हे मोबाइलवर सेव्ह करून ठेवा

टास्कबार अडकला की हा लेख कॉम्प्युटरवर उघडता येईलच असं नाही. म्हणून कामाच्या कीज इथे एकत्र :

• फाइल सेव्ह : कंट्रोल + एस
• दुसऱ्या खिडकीत जाणं : ऑल्ट + टॅब
• मराठी-इंग्रजी बदल : विंडोज की + स्पेस
• टास्क मॅनेजर : कंट्रोल + शिफ्ट + एस्केप
• काहीच उघडत नसेल तर : कंट्रोल + ऑल्ट + डिलीट
• पट्टीवरचा पहिला, दुसरा प्रोग्राम उघडणं : विंडोज की + १, २ (एक्सप्लोरर पूर्ण अडकला असेल तर चालणार नाही)

क्रम एकच : आधी सेव्ह, मग एक्सप्लोरर रीस्टार्ट, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट, मग कारणाचा शोध. यातल्या दुसऱ्या पायरीवरच पट्टी परत आली, तर रात्री साडेअकराला अडकलेला तो फॉर्म बाराच्या आत सबमिट होऊ शकतो.